हाताशी दहा मिनिटं

कोपर रोड, डोंबिवली (पश्चिम)
श्रावण वद्य द्वादशी

तीर्थस्वरूप श्रीपाददादांच्या चरणी मधुचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सुखरूप पार पडल्याचं कळलं, बरं वाटलं. डॉक्टरांनी वाचन सक्त बंद सांगितलंय म्हणे. ते कटाक्षाने पाळा, वर्तमानपत्राचा मथळासुद्धा वाचू नका. वहिनींच्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार सांगा. आता तुम्ही म्हणाल, फोन सोडून मधुने ह्या जमान्यात पत्र का लिहिलं? तर दादा, तुमचा फोन हल्ली मंदाकिनी उचलते आणि माझा आवाज ऐकला की 'दादा अंघोळीला गेलाय' म्हणून ठेवून देते. गेल्या आठवड्यात मी सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, सगळ्या वेळांना फोन करून पाहिला. डोळ्याच्या ऑपरेशननंतर माणसाने इतक्या अंघोळी करणं बरं नव्हे. व्हॉट्सअॅप करावं तर तेही तुम्हाला तीच वाचून दाखवते. म्हणून हे पत्र. ते खाजगी आहे आणि मंदाच्या हाती पडता कामा नये, एवढी एकच कृपा करा.

मंदा मंगळागौरीच्या स्पर्धेहून परस्पर तुमच्याकडे आली ती चार दिवसांसाठी, असं ती म्हणाली होती. ते चार दिवस फारच ऐसपैस निघाले. श्रावण संपत आला, गणपती उंबरठ्यावर आले. (आमचा गणपती पाच दिवसांचा, मोदक एकवीस आणि उकड काढता येणारं माणूस घरात शून्य, हे आपलं माहितीसाठी.) पण मी तिला बोलावण्यासाठी लिहितोय असा गैरसमज मुळीच करून घेऊ नका. राहू दे की, माहेर आहे तिचं. मी लिहितोय ते एवढ्यासाठीच, की तुमच्या कानावर एकच बाजू आली असणार. तुम्ही बँकेत आयुष्यभर दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी गेला नाहीत. तेव्हा दुसरी बाजूही ऐका, ती थोडी तांत्रिक आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी वागळे इस्टेटला इन्स्ट्रुमेंट विभागात उभी हयात काढली. कंपनीतलं प्रत्येक मीटर, प्रत्येक गेज माझ्या टेबलावरून जायचं आणि मी त्याच्यावर 'तपासले' असं हिरवं स्टिकर लावल्याखेरीज ते भिंतीवर चढायचं नाही. पाळीचा भोंगासुद्धा माझ्या घड्याळावर वाजायचा. मॅनेजर यायचे, जायचे, भोंग्याला कोणी हात लावत नसे. अशा माणसाला शाल-श्रीफळ देऊन डोंबिवलीच्या पहिल्या मजल्यावर आणून बसवलं, तर तो काय तपासणार? आधी मी मंदाच्या कुकरच्या शिट्ट्या तपासल्या. तिने दुसऱ्याच दिवशी मला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. मग मी घड्याळांकडे वळलो. हॉलमधलं मागे, बेडरूममधलं त्याच्याही मागे, आणि स्वयंपाकघरातलं, म्हणजे नानांनी मंदाला लग्नात दिलेलं ते पांढऱ्या तबकडीचं, दहा मिनिटं पुढे. एका घरात तीन वेळा नांदत होत्या आणि त्याचं कोणाला काहीच वाटत नव्हतं.

ह्या पुढच्या घड्याळाविषयी मी तुम्हाला काय सांगावं, ती तर तुमच्याच घराण्याची पद्धत. कल्याणला पारनाक्याच्या घरी नानांनी घड्याळ कायम पुढे ठेवलेलं. सगळ्यांना ठाऊक की ते पुढे आहे, सगळे मनातल्या मनात वजाबाकी करत, आणि तरीही ते पुढेच. मी नवा जावई असताना नानांना विचारलं होतं, की सगळ्यांनाच ठाऊक आहे तर ह्याचा उपयोग काय? नाना म्हणाले, "जावईबापू, घाई झाली की कळेल." आमच्या लग्नात भटजींनी नानांच्याच मनगटाकडे बघून अंतरपाट दूर केला, त्यामुळे आमच्या डोक्यावर अक्षता मुहूर्ताच्या आधीच पडल्या. माझी सावर्ड्याची आत्या तेव्हा दारात चपला काढत होती. तिने ते शेवटपर्यंत मनात ठेवलं. पत्रिकेत छापलंय त्यापेक्षा आमचं लग्न दहा मिनिटांनी जास्त झालेलं आहे, असं मी गमतीने म्हणायचो. मंदा हसायची. (हे हसणं आधीचं.)

अशात देवयानीने बंगळूरहून मला एक कॉम्प्युटर पाठवला. कॉम्प्युटर म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक हिरवी पाटी. तिला ना पडदा, ना बटणं. बाबांनी त्याच्यावर नाट्यसंगीत ऐकावं आणि आईच्या पायात पायात करू नये, असा लेकीचा हेतू. पण मी चार पुस्तकं चाळली आणि मला कळलं, की ह्या वडीला उपग्रहांचं ऐकणारा एक छोटा रिसीव्हर जोडला, तर तिचा टाइम सर्व्हर होतो. म्हणजे वेळेचा घरगुती पाणवठा. आकाशातल्या उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात, ती सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत बरोबर असतात आणि आपली वेळ सारखी खाली ओरडून सांगत असतात. ती रिसीव्हरने ऐकायची, वडीने झेलायची आणि घरातल्या मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, जो विचारील त्याला वाटायची. हे वाचताच मला आपला भोंगा आठवला.

मी हे उत्साहाने सांगायला गेलो की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा. मंदाने विचारला, सोसायटीचा सेक्रेटरी संदेश ह्याने विचारला, भांडी घासता घासता रंगूबाईंनीही विचारला, की मोबाईलवर वेळ दिसते ना? दिसते हो. पण ती कुणीतरी दिलेली वेळ. टँकरचं पाणी आणि आपल्या आडाचं पाणी ह्यात काही फरक आहे की नाही? देवयानी फोनवर म्हणाली, "बाबा, पण तुम्हाला जायचंय कुठे?" पोरगी शिकलेली आहे, प्रश्न बरोबर विचारते. मी तिला सांगितलं की रेंज जातेय आणि फोन ठेवून रिसीव्हर मागवला.

आता ह्या रिसीव्हरच्या अँटेनाला मोकळं आकाश लागतं, आणि दादा, तुम्ही घोडबंदरला बाविसाव्या मजल्यावर राहता, तुम्हाला आकाश फुकट मिळतं. आमच्या खिडकीतून दिसते ती समोरच्या बिल्डिंगची पाठ, तिथल्या लोकांचे वाळत घातलेले टॉवेल आणि मध्ये सुरळीच्या वडीएवढी निळी पट्टी. तेवढ्या पट्टीतून उपग्रह जाणार कधी आणि आम्ही त्याला गाठणार कधी? शिवाय एक उपग्रह दिसून भागत नाही, सुरुवातीला निदान चार लागतात, चौघांचं जुळलं तरच वेळ पक्की. हे अगदी आमच्या कोकणातल्या जमिनीसारखं आहे. तीन भाऊ सही करायला येतात आणि चौथा सुरतेला असतो. मी अँटेना खिडकीच्या गजांना बांधली, तुळशीच्या कुंडीत खोचली, कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावली. तीनच्या वर मजल गेली नाही.

शेवटी गच्चीवर जायचं ठरलं. पाऊस लागू नये म्हणून मी अँटेना मंदाच्या पापडाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि वायर डक्टमधून खाली घरात घेतली. होते ते तीन उपग्रहही गेले. धातूच्या डब्यात आकाशातलं काही ऐकू येत नाही, हे मला, एका इन्स्ट्रुमेंटवाल्याला, कळायला हवं होतं. (हे वाक्य मंदाने तेव्हाच बोलून घेतलेलं आहे, पुन्हा बोलायची गरज नाही.) मग तिनेच श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा काढून दिला. तो पालथा घालून वर वीट ठेवली आणि खाली येऊन बघतो, तर नऊ उपग्रह हजर. ह्या सबंध यंत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मंदाने दिला, हे मी इथे मोकळेपणाने नमूद करतो. तिकडे सांगायला हरकत नाही.

दोन दिवसांत संदेश वर आला. तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींचं म्हणणं, काकांनी गच्चीवर टॉवर बसवलाय आणि तेव्हापासून आमची डोकी दुखतात. मी त्याला समजावलं, की हा डबा काही सोडत नाही, हा नुसता ऐकतो, बोलत नाही. मंदा आतून म्हणाली, मग तुमच्यापेक्षा बराच की. संदेश हसत हसत गेला आणि तिसऱ्या मजल्याची डोकीही बरी झाली. असं आमचं तेव्हा चाललं होतं, दादा. भांडण म्हणावं असं काहीसुद्धा नव्हतं.

यंत्र सुरू झालं आणि हॉलमध्ये लावलेल्या लाल आकड्यांच्या पाटीवर पहिली वेळ उमटली. ती पाहून मी मंदाला म्हणालो, पोळ्यांची घाई नको, अजून आठसुद्धा वाजले नाहीत. तिने खिडकीबाहेरचं ऊन दाखवलं. मी म्हणालो, ऊन चुकू शकतं. मागाहून लक्षात आलं की उपग्रह विलायतेच्या वेळेत बोलतात आणि आपल्याला साडेपाच तास त्यात मिळवावे लागतात. ते मिळवले आणि पोळ्या गार खाल्ल्या. पण त्यानंतर मात्र दर सेकंदाला रिसीव्हरवरचा बारीक दिवा लुकलुकायला लागला. आकाशातून सेकंद निघतोय आणि माझ्या घरात त्याचा ठोका पडतोय. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. भोंगा सुटल्यापासून पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी वेळेवर होत होतं. मी स्टूल ओढून त्या दिव्यासमोर बसलो. मंदाने चहा आणून दिला आणि तीही थोडा वेळ बसली. मग म्हणाली की हे आपल्या मंगळागौरीच्या ठेक्यापेक्षा हळू आहे, आणि उठून गेली.

माणसाने इथे थांबावं. मी सोसायटीला फलक लावून कळवलं, की ह्यापुढे अधिकृत वेळ माझ्याकडून घ्यावी. वार्षिक सभेला मी त्या वेळेवर खाली गेलो. मी होतो, सतरंजी होती आणि वर नऊ उपग्रह होते. बाकीचे आले तेव्हा माझ्या पायाला मुंग्या आलेल्या. तरीही मी शिकलो नाही. घरात सगळीकडे एकच वेळ नांदू लागली होती, फक्त स्वयंपाकघरातलं नानांचं घड्याळ तेवढं आपलं वेगळं बिऱ्हाड मांडून होतं. हॉलमधून आत गेलं की माणूस एकदम पुढच्या काळात जायचा. माझ्यासारख्याला ते डोळ्यांत खुपतं हो. ज्याच्या घरात उपग्रह राबतात त्याच्या ओट्यावर खोटं घड्याळ! एका शनिवारी मंदा नऊवारीचा पदर दुमडून शिवत बसली होती, तेव्हा मी हळूच स्टुलावर चढलो, काटे मागे घेऊन उपग्रहांशी जुळवले आणि मागच्या बाजूला 'तपासले' असं हिरवं स्टिकर लावलं. (थोडी जपून ठेवली आहेत.) तिला सांगणार होतो. पण तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा. म्हटलं, कशाला मध्ये बोला.

ती स्पर्धा म्हणजे काय, हे तुम्हाला आता पुरतं कळलं असेल, तरी माझ्या बाजूने सांगतो. आमच्या कोपरच्या बायकांचा मंगळागौरीचा गट मंदाने उभा केला. देवयानी बंगळूरला गेली त्या वर्षी घर खायला उठलं, तेव्हा तिने जिन्यातल्या चार जणींना जमवून फुगड्या सुरू केल्या, त्या वाढत वाढत गट झाला. ठाण्याच्या ह्या मोठ्या स्पर्धेत त्यांची निवड पहिल्यांदाच झाली होती. सुपाचा खेळ मंदाचा. सूप असं फिरवते, की बघणाऱ्याला भोवळ यावी आणि पदर मात्र ढळू नये. त्या सुपाला तिने स्वतः जरीचा काठ लावला, आरसे लावले. महिनाभर आमच्या घरात माझा दिवा लुकलुकायचा आणि तिचे आरसे.

गटाचा नियमही तिनेच केलेला, की मिनीबस ठरल्या वेळेला सुटेल, कोणासाठी थांबणार नाही, मग ती कोणीही असो. (बायका साडीच्या निऱ्यांवरून अर्धा तास खातात म्हणून हा नियम, आणि तो बरोबरच आहे.) रविवारी ती नऊवारी नेसून, नथ घालून तयार झाली. मोबाईल पर्समध्ये, पर्स बाहेर खुर्चीवर. तिने सवयीने ओट्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं, सवयीने दहा मिनिटं वजा केली, आणि तेवढ्या शिल्लक वेळात काय केलं सांगू? माझ्या जेवणाची सोय केली. मी एकटा जेवणार म्हणून भात मुरायला ठेवला, आमटी गरम केली, ताटावर झाकण घातलं. मी तेव्हा हॉलमध्ये लाल आकड्यांखाली बसून पेपर वाचत होतो. वेळ माझ्या डोक्यावरच होती आणि मला एकदाही वाटलं नाही की तिला हाक मारून सांगावं.

ती सूप घेऊन खाली उतरली तेव्हा बस कोपऱ्यावरून वळली होती. बस थांबली होती म्हणे थोडी, पण मंदाचाच नियम म्हणून केशरबाईंनी सोडायला लावली. केशरबाई गटातल्या सगळ्यात थोरल्या, सत्तरी उलटलेली, आणि त्यांच्या मनात मंदाविषयी असा आदर की तिचा शब्द त्या तिच्यावरच चालवतात. सगळ्यांना वाटलं, मंदाताई काही उशीर करणाऱ्यातल्या नव्हेत, त्या परस्पर ठाण्याला गेल्या असणार. मंदाने रिक्षा केली आणि मोठागावच्या पुलावरून पाठलाग सुरू केला. फोन केले, पण बसमध्ये सगळ्या गाणी म्हणत होत्या, कोणाच्या कानावर रिंग जाणार? त्याच फोनवर तिने वेळ पाहिली आणि तिला सगळं कळलं.

ती हॉलवर पोचली तेव्हा गटाचा खेळ संपत आला होता. सूप मंदाच्या हातात, म्हणून स्टेजवर सूपच नाही. तर केशरबाईंनी प्रसंगावधान राखून कॅन्टीनमधलं स्टीलचं ताट घेतलं आणि ते नाचवलं. ताट एकदा पडलं, त्याचा आवाज झाला, लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे आणि टाळ्या झाल्या. परीक्षकांनी नावीन्यासाठी गटाला दुसरा नंबर दिला. दादा, गट हरला असता तर ती माझ्यावर रागावली असती आणि संध्याकाळपर्यंत घरी आली असती, मी ओळखतो तिला. पण गट जिंकला, आणि तोही तिच्याशिवाय, ताटावर. प्रेक्षकांच्या मागे नऊवारी नेसून, आरशांचं सूप धरून ती एकटी उभी होती. केशरबाईंनीच हे मला डोळे पुसत सांगितलं. तुमच्या हॉलमध्ये शोकेसवर जे सूप ठेवलंय म्हणे, ते हेच.

तिथूनच तिने मला फोन केला. मी म्हटलं, काय झालं गं, नंबर आला का? ती म्हणाली, "तुमचं घड्याळ बरोबर आहे. मी दादाकडे राहते थोडे दिवस." आवाज चढलेला नाही, रडणं नाही. माझ्या उभ्या आयुष्यात कोणी माझं घड्याळ बरोबर असल्याचं इतक्या वाईट तऱ्हेने सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही न्याय करा. घड्याळ बरोबर करणं हा गुन्हा आहे का? नाही. न सांगता करणं थोडं चुकलं असेल. (थोडं हा शब्द मी लिहून खोडला होता, पुन्हा लिहिला, तो आता असू दे.) तिला वेळ कळली असती तर तिने माझा भात मुरायला ठेवला नसता, म्हणजे ज्या दहा मिनिटांत तिची बस गेली ती तिने मला दिली होती, हे मला जेवून झाल्यावर कळलं. आमटी चांगली झाली होती. तीच अडचण आहे.

इकडची हकीकत म्हणाल तर घरातलं पाणी चुकतं. विकी, आमचा पंपवाला, त्याने पाण्याची वेळ फलकावर लिहून लावलेली आहे. मी त्या वेळेला सेकंदही न चुकवता नळ उघडतो आणि नळ नुसता सुस्कारा टाकतो. विकी म्हणाला, "अंकल, टाइम बोर्डावर असतो, पाणी त्याच्या आधी येतं. आंटीला माहीत आहे." रंगूबाई आल्या की ओट्यावरच्या घड्याळाकडे बघतात आणि माझ्याशी न बोलता भांडी आपटतात. केशरबाईंनी मला डबा पाठवला, तोही त्याच बक्षिसाच्या ताटाखाली झाकून. (कॅन्टीनवाल्याने ते ताट त्यांनाच भेट दिलं म्हणे.) परवा संध्याकाळी मी त्या दिव्यासमोर स्टूल टाकून बसलो. सेकंद येत होते, बरोबर येत होते, आणि मला कुठेही उशीर होत नव्हता. उशीर व्हायला कोणीतरी वाट बघणारं लागतं. देवयानीने मागे विचारलेला प्रश्न मला आत्ता कुठे ऐकू आला.

असो. पत्र लांबलं. तुम्ही डोळ्याला जपा, थेंब वेळच्या वेळी घाला. (वेळ हवी असल्यास कळवतो.) वहिनींना नमस्कार. मंदाला माझा काहीही निरोप नाही. ती मजेत असेल तर मला आनंदच आहे.

आपला आज्ञाधारक,
मधु

ता. क. गणपतीच्या पितळी निरांजनांची जोडी मंदाने कुठल्या कपाटात ठेवली आहे, हे सहज बोलता बोलता काढून घ्यावं. मी विचारलं असं सांगू नये. मी तिन्ही कपाटं उपसली. निरांजनं मिळाली नाहीत, पण माझे हरवलेले चष्मे मिळाले.

ता. क. दुसरा. तुमच्या बाविसाव्या मजल्यावरून आकाश चांगलं दिसतं. तिथे एक श्रीखंडाचा डबा ठेवून किती उपग्रह मिळतात ते पाहावं, असा एक शुद्ध शास्त्रीय विचार मनात आहे. त्यासाठी मला जातीने यावं लागेल. मी बाल्कनीत उभा राहीन, कोणाशी बोलणार नाही.

ता. क. तिसरा. मंदा, दादांना वाचायची बंदी आहे आणि वहिनींचा चष्मा कायम फ्रिजवर असतो. हे पत्र पहिल्या ओळीपासून तूच मोठ्याने वाचून दाखवते आहेस, हे मला लिहिताना ठाऊक होतं. खाजगी आहे म्हणून लिहिलं ते तू नक्की वाचावंस म्हणून. तर आता ऐक. स्टिकर मी नखाने खरवडून काढलं आहे. घड्याळ पुन्हा पुढे करावं म्हणून स्टुलावर चढलो आणि तसाच उभा राहिलो, कारण मागे घेताना ते नेमकं किती पुढे होतं हे मी पाहिलंच नव्हतं. मी आपला इतकी वर्षं दहा म्हणत आलो. देवयानी म्हणते सात, रंगूबाई म्हणतात पाव तास. उपग्रहांना विचारून उपयोग नाही, त्यांना फक्त खरी वेळ ठाऊक आहे. म्हणून मी घड्याळातला सेल काढून ओट्यावर ठेवला आहे. किती पुढे लावायचं ते तू येऊन लाव, मी हात लावणार नाही. सूप घेऊन ये. मला तो खेळ घरात एकदा पूर्ण बघायचा आहे, आजवर मी नेहमी पेपरमागूनच पाहिला. आणि घोडबंदरला गाड्या तुंबतात, तेव्हा निघताना हाताशी दहा मिनिटं ठेवून निघ.